वर बघा, बोलू नका

विमा कचेरीतल्या कारकुनाला बढती दोनच कारणांनी मिळते. कुणीतरी निवृत्त होतं, किंवा कुणाचं तरी पोट बिघडतं. त्याला मिळाली ती दुसऱ्या कारणाने, आणि तीही कचेरीत नाही, नेत्रशिबिराच्या फिरत्या गाडीत. डोळ्यांत थेंब घालायचं काम ज्या कंपाउंडरकडे होतं त्याचं पोट दौऱ्याच्या शेवटून दुसऱ्या गावात बिघडलं. त्याला तिथल्याच दवाखान्यात टेकवून गाडी पुढे निघाली आणि थेंबांची बाटली याच्या हातात आली.

तोवर याचं काम रांगेची दोरी धरण्याचं होतं. हक्काची सुट्टी टाकून, घरचा डबा घेऊन, खड्ड्याखड्ड्यांतून हाडं खिळखिळी करत तो दरवर्षी या गाडीबरोबर आडगावं पालथी घालायचा आणि दोरी धरायचा. ती सुद्धा अशी धरायचा की जणू दुसऱ्या टोकाला जहाज बांधलंय.

"नीट ऐका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "या थेंबांनी डोळ्यातली बाहुली मोठी होते, मग मला आत डोकावता येतं. पण चार-पाच तास माणसाला जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सोसत नाही. म्हणून ज्याच्या कपाळावर मी पांढरी पट्टी चिकटवीन त्याच्याच डोळ्यांत घालायचे. पट्टी नाही, थेंब नाही. काय?"

"पट्टी नाही, थेंब नाही."

"आणि त्यांना बोलू देऊ नका. बोललं की डोळा हलतो, औषध गालावर जातं."

"बढती झाली म्हणायची," पुढच्या सीटवरून ड्रायव्हर म्हणाला. "आजपासून तुमचं नाव थेंबे."

नाव चिकटलं. काही नावं चिकटण्यासाठीच जन्माला येतात.

थेंबेला त्या दिवशी देवाकडे एकच गोष्ट मागायची होती: डॉक्टरबाई संध्याकाळपर्यंत शहरात परत पोचाव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. वडील वाहन परवाना कचेरीत परीक्षक होते. लोकांना गाडी चालवता येते की नाही हे ठरवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. पोटच्या पोराला त्यांनी तीनदा नापास केलं होतं. तिसऱ्या वेळी तर इंजिन सुरू व्हायच्या आधीच. "बसतानाच कळतं," असं ते म्हणाले होते. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून बसला होता, तरी ते रोज सकाळी स्कूटर काढत होते. रस्ता त्यांना पाठ होता. रस्त्यावरची माणसं पाठ नव्हती, पण ती आपली आपण बाजूला होत होती. गल्लीतली पोरं शाळेत जायची वेळ त्यांच्या स्कूटरवरून ठरवायची, म्हणजे ती गेल्यावर निघायची.

किती वर्षं मनधरणी केल्यावर ते ऑपरेशनला तयार झाले, ते एका अटीवर. "हीच डॉक्टर आणि हाच दिवस. मी दिलेली वेळ पाळतो. समोरच्याने पाळली नाही तर उमेदवार नापास. पुन्हा संधी नाही."

निघताना बायकोने बजावलं होतं, "अहो, बाईंना वेळेवर आणा. नाहीतर या वेळी मी माहेरी जायची धमकी देणार नाही. सरळ बाबांच्या स्कूटरपुढे जाऊन उभी राहीन."

शेवटचं गाव नदीपलीकडे होतं. पूल नव्हता. दोन होड्यांवर फळ्या ठोकून केलेल्या तराफ्यावर गाडी चढवायची आणि नावाडी पाण्यातले खडक चुकवत पलीकडे न्यायचा. गावातली शाळा सुट्टी देऊन रिकामी केली होती. मास्तरांच्या खोलीला काळे पडदे लावून बाईंनी अंधार केला, ज्यांना तपासायचं त्यांच्या कपाळावर पट्ट्या चिकटवल्या, डोक्याला तपासायचा दिवा बांधला आणि आत जाऊन बसल्या. बाहेरच्या वर्गात दारापासून फळ्यापर्यंत बाकं लावली. फळ्याखाली थेंबे उभा राहिला. हात तीनदा धुतलेले होते.

रांगेत पहिली एक आजी होती. कपाळावर पट्टी, हातात काठी.

"आजी, वर बघा."

"काय आहे ते?"

"थेंब. डोळ्यात घालायचे."

"आधी तुझ्या डोळ्यात घाल."

"माझ्या कशाला, आजी?"

"मागे एकजण दातांचं औषध म्हणून आला होता. तो आला तेव्हा माझे सगळे दात होते. गेला तेव्हा त्याच्याकडे होते." तिने काठी जमिनीवर आपटली. "आधी तुझ्या."

थेंबेने रांगेकडे पाहिलं. सगळी रांग त्याच्याकडे बघत होती. शिबिर म्हणजे शेवटी विश्वासाचा मामला. त्याने मान वर केली आणि स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. थंड वाटलं. आजीने त्याचा चेहरा जवळून निरखला, तिला दिसत होता तेवढा.

"मेला नाही," तिने मागे वळून जाहीर केलं. रांगेने सुस्कारा सोडला. थेंब घेऊन झाल्यावर आजी डोळे मिटून दाराशी बसली आणि काठी उंबऱ्यावर आडवी धरून रांगेवर लक्ष ठेवू लागली. कानांनी.

या गावाची आणि रांगेची गोष्ट इथे सांगायला हवी. फार पूर्वी पिठाच्या गिरणीवर कुणीतरी कुणाच्या तरी पुढे घुसलं, त्यावरून हाणामारी झाली आणि त्या गडबडीत गिरणीच जळाली. तेव्हा गावाने नियम केला. कुणी कुठेही कशासाठीही गेला तरी त्याने रांगेत शेवटी बसायचं, गप्प बसायचं, आणि आपला नंबर आला की तोंड उघडायचं. नियम इतका कडक पाळला गेला की दुसरी गिरणीही जळाली. मागच्या बाजूला आग लागलीय हे सांगायला जो आला होता, त्याच्यापुढे अकरा दळणं होती.

त्यामुळे त्या सकाळी शाळेत जो कुणी ज्या कामासाठी आला, तो शेवटच्या बाकावर जाऊन गप्प बसला.

थेंबेला हळूहळू लय सापडत होती. पापणी, थेंब, पापणी, थेंब, "मिटा," पुढचे. पहिल्या दहा-बारा जणांची कपाळं त्याने डोळ्यांत तेल घालून पाहिली. मग त्याला वाटलं, वर्गात धूर झालाय. समोरचे चेहरे ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखे दिसायला लागले. दारातून येणारं ऊन इतकं वाढलं की त्यातून आत येणारी माणसं नुसत्या काळ्या आकृत्या झाल्या. इतके दिवस धूळ खाल्ली, थकवा आला असणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. खरं कारण सुचायला माणूस रिकामा असावा लागतो, आणि तो कामात होता. कपाळं आता सगळीच सारखी पांढुरकी दिसत होती. ज्याअर्थी माणूस रांगेत आहे त्याअर्थी पट्टी असणारच, असं तो भल्या मनाने धरून चालला.

"साहेब, मी फक्त विचारायला—"

"बोलू नका, डोळा हलतो. वर बघा."

"पण मला—"

"मिटा. पुढचे."

इतकं मनासारखं काम त्याच्या हातून कचेरीत कधीच झालं नव्हतं.

आत अंधाऱ्या खोलीत बाईंनी सकाळच्या सगळ्या पट्टीवाल्यांना तपासलं. मग एक धिप्पाड माणूस चाचपडत येऊन स्टुलावर बसला.

"काय त्रास होतो?"

"त्रास काही नाही बाई. गाडी परत कधी न्यायची, तेवढं विचारायचं होतं. मी नावाडी."

"मग डोळ्यांत थेंब कसे?"

"रांगेत मिळाले."

त्याच्यामागून दुसरा आला. "मी आचारी. जेवायला किती जण धरू?"

तिसरा आला. "मी न्हावी. जरा गरम पाणी मिळेल का बघायला आलो होतो. गिऱ्हाईक अर्धं टाकून आलोय."

"अर्धं म्हणजे?"

"डावी बाजू झालीय."

चौथा माणूस दाराच्या चौकटीला आपटून आत आला. "बाई, गाडी सावलीत लावू का, विचारायचं होतं," ड्रायव्हर म्हणाला. "लावायला माझी हरकत नाही. पण आता सावली कुठून सुरू होते तेच कळेना."

बाई ताडकन उठल्या आणि डोक्यावरच्या दिव्यासकट बाहेर निघाल्या. मास्तरांच्या खोलीचं दार व्हरांड्यात उघडत होतं, त्यामुळे वर्गात शिरायला त्यांनाही उंबरा ओलांडणं भाग होतं. उंबऱ्यावर काठी आडवी होती.

"कोण घुसतंय?" आजीने डोळे मिटूनच विचारलं.

"आजी, मी डॉक्टर. त्याला थांबवायला हवं."

"शेवटी बस. नंबर आला की थांबव."

"अहो, थांबा!" बाई आतल्या दिशेने ओरडल्या.

"श्शू!" सगळी रांग एका आवाजात म्हणाली.

बाईंनी वीस वर्षं खेडोपाडी शिबिरं घेतली होती आणि त्यातून एक गोष्ट शिकल्या होत्या: गावाच्या नियमाशी भांडण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात नियम पाळून होतो. पुढे पाचच जण होते. त्या मुकाट्याने शेवटच्या बाकावर बसल्या आणि सरकत सरकत पुढे आल्या. नंबर लागला.

"अहो, मी—"

"बोलू नका, डोळा हलतो," थेंबे म्हणाला आणि सरावलेल्या बोटांनी पापणी वर केली. "वर बघा."

थेंब पडले. एकही गालावर गेला नाही.

"मिटा. पुढचे."

"पुढे कुणी नाही," ती व्यक्ती शांतपणे म्हणाली. "माझ्या कपाळावर पट्टी आहे?"

"असणारच."

"हात लावून बघा."

थेंबेने हात पुढे केला. हाताला चामड्याचा पट्टा लागला. पट्ट्याला दिवा होता. दिवा अजून चालू होता.

"बाई?"

"वर बघा म्हणालात," डॉक्टरबाई म्हणाल्या, "म्हणून वर बघितलं."

थोड्या वेळाने शाळेच्या व्हरांड्यात हिशेब झाला. पट्टीवाले सगळे तपासून झाले होते, तेवढं नशीब. चष्मेही वाटून झाले होते. बाकी गावात ज्याच्या हाताला काही काम होतं अशा प्रत्येकाच्या डोळ्यांत थेंब होते. दुकानदार आपलं बाक परत मागायला आला होता. शिंपी कुणाचा तरी निरोप घेऊन आला होता. दोघं आता एकमेकांना टेकून बसले होते आणि दुकानदाराला वाटत होतं की आपल्याला बाक मिळालंय.

"बाई, उद्या सकाळी तुमचे डोळे?" थेंबेने चाचरत विचारलं.

"माझे संध्याकाळीच ठीक होतील. सगळ्यांचेच होतील, कुणाला काही धोका नाही. डोळे वेळेवर पोचतील. प्रश्न आहे आपण पोचायचा."

नावाड्याला बोलावलं. तो गळ्यापर्यंत टोपी ओढून आला.

"नदीकडे बघवत नाही, बाई. कुणीतरी एवढा थोरला आरसा आडवा टाकून ठेवलाय. त्यात खडक कुठला अन् पाणी कुठलं? तराफा हलायचा नाही."

"कधी हलेल?"

"ऊन उतरलं की. पण अंधार पडला की परत नाही. ऊन जाऊन अंधार यायच्या मधे जेवढं मिळेल तेवढं आपलं."

"मग लगेच गाडी चढवायची," ड्रायव्हर म्हणाला. "मी चढवतो अंदाजाने."

"तुम्ही स्टिअरिंगला हात लावणार नाही," बाई म्हणाल्या. "ज्याच्या डोळ्यांत थेंब गेलाय तो, थेंब उतरेपर्यंत गाडी चालवणार नाही. गावात ज्याच्या डोळ्यांत थेंब नाहीत आणि ज्याला गाडी येते असा माणूस कोण आहे?"

 सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. मग न्हाव्याने हळूच हात वर केला.

"माझं गिऱ्हाईक."

शाळेचे मास्तर न्हाव्याच्या खुर्चीत सकाळपासून तसेच बसले होते. गळ्याभोवती पांढरं कापड, डावा गाल गुळगुळीत, उजव्या गालावर आठवडाभराची दाढी आणि तिच्यावर वाळून पापुद्रा झालेला साबण.

"हलू नका म्हणाला होता," ओठ न हलवता मास्तर म्हणाले.

"आता हलायला हरकत नाही," बाई म्हणाल्या. "मास्तर, गाडी चालवता येते?"

"वाहतुकीचे नियम तिसरीला मीच शिकवतो."

"चालवता येते का?"

"परवाना आहे. लग्नाआधी मामांची गाडी चालवायचो."

"लग्न कधी झालं?"

"थोरली आता कॉलेजात आहे."

"उजवी बाजू उरकून घेऊ का?" वस्तरा उघडत न्हाव्याने विचारलं आणि दुसऱ्या हाताने खुर्चीची पाठ चाचपून तिच्यावर साबण लावायला सुरुवात केली. मास्तर लगेच उठले. गाडी चालवायला एवढ्या तत्परतेने आजवर कुणी तयार झालं नसेल.

आता घरी कळवणं भाग होतं. फोन लागायचा तो फक्त शाळेच्या गच्चीवर, टाकीला पाठ लावून उभं राहिलं तर. थेंबेने फोन नाकाशी धरला, मग हात लांब करून धरला. दोन्हीकडून अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. शेवटी त्याने अंदाजाने एक मुंगी दाबली.

"अगं, ऐक. इथे घोळ झालाय, उशीर होईल. बाबांना काही सांगू नकोस."

"नाही सांगणार," पलीकडून कचेरीतले साहेब म्हणाले. "सोमवारी येणार ना पण?"

थेंबेने फोन ठेवला, घाम पुसला आणि दुसरी मुंगी दाबली.

"अगं, बाबांना सांगू नकोस—"

"काय सांगू नको?" वडिलांनी विचारलं.

थेंबेने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"डॉक्टर निघाली?"

"निघतील, बाबा. नदी ओलांडली की—"

"म्हणजे अजून नदीपलीकडे. संध्याकाळी हजर होईन म्हणाली होती. उमेदवार गैरहजर." त्यांच्या आवाजात दुःख अजिबात नव्हतं. "संपलं. ऑपरेशन रद्द."

"बाबा, असं काय करता? सकाळपर्यंत पोचतील त्या!"

"मी येतो नदीवर. तिच्या तोंडावर सांगतो. कुणाला पाठीमागे नापास करणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

"कशाने येता?"

फोन बंद झाला. तसा हा प्रश्न विचारायची गरजही नव्हती. थेंबे टाकीला पाठ लावून तसाच उभा राहिला. नदीपासून घर दीड-दोन तासांवर, रस्त्याला तीन बाजारपेठा, एक रेल्वे फाटक, आणि हा रस्ता काही वडिलांना पाठ नव्हता. त्याने पुन्हा फोन लावला. दहा वेळा लावला. शेवटी पुन्हा साहेबांनी उचलला आणि मऊ आवाजात म्हणाले, "सोमवारी नाही आलात तरी चालेल."

दुपारभर सगळं गाव झाडांच्या सावलीत डोळे मिटून बसलं. एवढी शांत दुपार गावाने कधी पाहिली नव्हती, आणि हीसुद्धा पाहिली नाहीच. बाई डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडल्या होत्या. थेंबे मात्र दर पाच मिनिटांनी उठून नदीवर जायचा, डोळ्यांवर हाताची झापड धरून पलीकडे बघायचा आणि डोळ्यांतून पाणी गाळत परत यायचा.

"रडतोस का?" आजीने विचारलं.

"ऊन आहे, आजी."

"बापाची काळजी आहे म्हण की. तुझा आवाज त्या गिरणीवाल्यासारखा येतोय." थोडं थांबून तिने हेही सांगितलं, "दुसऱ्या."

ऊन कलंडलं. पाण्यावरचा आरसा विझला तसा नावाडी टोपी मागे सारून उठला. "चला, एवढ्यात चला!"

मास्तर स्टिअरिंगमागे बसले. आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. दोन्ही बाजूंना शेत होतं. खिडकीतून हात काढून त्यांनी गाडी पुढे जात असल्याची खूण केली आणि पहिल्या गियरमध्ये, पायी चालणाऱ्या आजीला पुढे जाऊ देत, गाडी तराफ्यावर चढवली. शेजारी थेंबे, मागे बाई आणि ड्रायव्हर. ड्रायव्हरने दोन्ही हातांनी सीट धरली होती. स्वतः चालवताना तो कधीच काही धरत नसे.

खडक मागे पडले. पलीकडचा काठ जवळ आला तेव्हा दिवेलागण झाली होती. काठावर एक दिवा आधीपासूनच लागलेला होता. स्कूटरचा.

"बाबा!" थेंबे गाडीतूनच ओरडला. एवढ्या अंतरावरचं आता त्याला स्पष्ट दिसत होतं. वडील ताठ उभे होते, हात पाठीमागे, परीक्षेला उभे राहत तसे. शेजारी दगडावर बायको बसली होती. तिच्या डोक्यावरचं हेल्मेट अजून उतरलं नव्हतं. कदाचित उतरवायचा धीर होत नसावा.

तराफ्यावरून काठावर यायला उभा चढ होता. मास्तरांनी हँडब्रेक ओढला, गियर टाकला, क्लच सावकाश सोडला. गाडी थरथरली, मागे एक बोटभरही न सरकता वर चढली आणि स्कूटरसमोर येऊन अलगद थांबली. थेंबे दार उघडून खाली उडी मारून बायकोकडे धावला.

"कसे आलात गं?"

"किल्ली मी लपवली होती, पण दुसरी गळ्यातच होती त्यांच्या," ती हळू आवाजात म्हणाली. "मग मी मागे बसले. डावीकडे म्हटलं की डावीकडे, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. सगळं ऐकलं हो त्यांनी. फक्त 'थांबा' ऐकलं नाही." मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "बोलू नका. बघा."

वडील बाईंना नापास करायला आले होते, पण आयुष्यभराची सवय सुटत नाही. गाडी थांबली की परीक्षक आधी ड्रायव्हरच्या दाराशी जातो. ते गेले. मुलाची हाक गाडीतूनच आली होती, हे त्यांनी ऐकलं होतं. मास्तर खाली उतरून मान खाली घालून उभे राहिले होते. परीक्षकासमोर माणूस उभा राहतो तसे.

"चढावर हँडब्रेक वापरलास," वडील म्हणाले.

मास्तरांनी मान डोलावली.

"गियर कुरकुरला नाही. घाई केली नाहीस. मागे पाणी असताना गाडी एक इंच सोडली नाहीस." ते थांबले. पाठीमागचा एक हात पुढे आला आणि मास्तरांच्या खांद्यावर पडला. "तीनदा नापास केलं मी तुला. तिन्ही वेळा घरी येऊन जेवलो नाही. तुझ्या आईला पोट दुखतंय म्हणून सांगायचो."

 थेंबे गाडीच्या नाकापलीकडे उभा होता. जे ऐकायला तो इतकी वर्षं थांबला होता, ते दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चाललं होतं.

"आज पास," वडील म्हणाले.  "शाबास, बाळा."

मास्तर प्रामाणिक माणूस. त्यांना राहवलं नाही.

"सर," ते म्हणाले, "मला तुम्ही पूर्वीच पास केलंय. लग्नाच्या आधी."

वडिलांचा हात खांद्यावरच थबकला. मग तो हळूहळू वर सरकला. डावा गाल गुळगुळीत लागला. उजव्या गालावरचा साबणाचा पापुद्रा बोटांना लागून निघाला.

"हे काय आहे?"

"बाबा," थेंबे म्हणाला, "मी इकडे आहे."

वडील आवाजाच्या दिशेला वळले. "किती अंतरावर?"

"गाडीच्या नाकाएवढ्या."

"केव्हापासून?"

"हँडब्रेकपासून."

नदीचा आवाज येत होता. नावाडी दोर आवळत होता, त्यानेही हात थांबवले. वडिलांनी बोटांवरचा साबण रुमालाला पुसला, रुमालाची घडी घातली, घडी खिशात ठेवली.

"डॉक्टर आहे का इथे?"

"आहे," मागून बाई म्हणाल्या.

"सकाळी किती वाजता?"

"नऊ."

"वेळेवर या," वडील म्हणाले आणि स्कूटरची किल्ली गळ्यातून काढून अंदाजाने पुढे धरली. ती बाईंच्या दिशेला नव्हती, पण सुनेने चटकन पुढे होऊन घेतली.

मास्तर त्याच तराफ्याने परत गेले; अंधार पडायला अजून एक फेरी शिल्लक होती. काठावरच्या चहाच्या टपरीवर मंडळी थेंब उतरायची वाट बघत बसली. निघण्याआधी वडिलांनी ड्रायव्हरला समोर उभं करून दूरच्या ट्रकची पाटी वाचायला लावली आणि नंतर स्वतःच्या हाताएवढ्या अंतरावरून चहाच्या बरणीवरची चिठ्ठी. बरोबर वाचली की नाही हे सुनेने सांगितलं. स्कूटर गाडीत चष्म्यांच्या खोक्यांवर आडवी झाली.

नऊ वाजता ऑपरेशन झालं. थेंबेला पुढच्या वर्षी पुन्हा दोरी मिळाली, आणि बाईंनी ती देताना दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला स्वतः बांधून दिलं. पण ती पुढची गोष्ट. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर घरी आले त्या दिवशी वडील गॅलरीत गेले आणि कठड्याला धरून उभे राहिले. खाली नेहमीचा रस्ता होता. रिक्षा, ट्रक, सायकली, दप्तरं घेतलेली पोरं, मधून आडवा जाणारा कुत्रा. ते बराच वेळ बघत राहिले. सून चहा घेऊन आली.

"हे सगळे आज कुठून आले?" त्यांनी विचारलं.

"रोजचेच आहेत, बाबा."

"रोजचे?"

"हो."

"मी जायचो तेव्हाही?"

"तेव्हाही."

त्यांनी चहा घेतला नाही. आत आले, खिळ्यावरची स्कूटरची किल्ली काढली आणि पेपर वाचत बसलेल्या मुलासमोर धरली.

"तू ठेव. मी नाही आता चालवणार. एवढ्या गर्दीत काय चालवायचं?"

थेंबेने किल्लीकडे पाहिलं, मग वडिलांकडे. आता ते खरोखर त्याच्याचकडे बघत होते.

"म्हणजे मी पास?"

वडिलांनी त्याला नव्या डोळ्याने आपादमस्तक न्याहाळलं. बसण्याची ढब पाहिली. पेपर तो नाकापासून किती अंतरावर धरतो ते पाहिलं.

"आधी डोळे तपासून ये," ते म्हणाले.